बॅरन फर्डिनंड म्युलर ह्यांचे चरित्र

थंडीच्या दिवसांत लेकराला पडसे झाले म्हणजे आपल्या घरांतील आया रुमालाच्या टोकावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब घालून तो रुमाल त्याच्या उशाशी ठेवितात. ज्या झाडाच्या पानांतून हे तेल निघते ते उंच, सरळ, पांढुरक्या सालीचे झाडही सडकेच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. त्यास आपण निलगिरी म्हणतो, ह्याचे कारण असे की, सन १८४३ पासून दक्षिणेतील निलगिरी डोंगरावर त्याची लागवड होऊ लागली. परंतु ते त्याचे मूळ घर नव्हे. ते झाड समुद्रापलीकडील ऑस्ट्रेलिया खंडाचे आहे, आणि तेथे त्याच्या भाऊबंदांच्या सातशेंहून अधिक जाती आहेत. ह्या जाती एकमेकींपासून निवडून काढणे, त्यांस नावे देणे, त्यांची पाने, फुले व फळे वाळवून जतन करणे, आणि त्यांचे बी जगाच्या कानाकोपऱ्यांत पाठविणे ह्या कामी ज्या मनुष्याने आपले सारे आयुष्य वेचले, त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हास वाटले.

फर्डिनंड म्युलर ह्याचा जन्म सन १८२५ च्या जून महिन्याच्या ३० व्या तारखेस उत्तर जर्मनीतील रॉस्टोक नावाच्या बंदरी झाला. बाप जकात खात्यात कामावर होता. घराणे लूथरन मंडळीतले. मुलगा दहा वर्षांचा असता बाप वारला. आई लेकरांस घेऊन श्लेस्विग प्रांतातील ट्योनिंग ह्या आपल्या माहेरच्या गावी राहावयास गेली, आणि सन १८४० मध्ये तीही मुलांस सोडून प्रभूकडे गेली. पंधरा वर्षांचा हा पोरका मुलगा जवळच हुसुम ह्या गावी एका औषधवाल्याच्या दुकानी उमेदवारीस राहिला. त्या काळी औषधे बहुतेक झाडपाल्याचीच असत, म्हणून मूळ, साल, पान व बी ह्यांवरून वनस्पती ओळखणे हा त्या धंद्याचाच भाग होता. परंतु फर्डिनंडास त्यात धंद्यापलीकडे गोडी लागली. दुकानातून मोकळा झाला की तो समुद्रकाठच्या दलदलीत व कुरणांत हिंडे, आणि जे मिळेल ते कागदात दाबून ठेवी. पुढे त्याने कील येथील विश्वविद्यालयात अभ्यास केला व सन १८४७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, डॉक्टर ही पदवी मिळविली. त्याच सुमारास वैद्यांनी प्रकृतीस्तव उबदार हवेच्या देशी जाण्याचा सल्ला दिला. तेव्हा आपल्या दोन बहिणींस बरोबर घेऊन तो ब्रेमेन बंदरी जहाजात बसला, आणि त्या वर्षी डिसेंबरच्या १५ व्या तारखेस ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील ॲडलेड येथे उतरला. जर्मनी देश त्याने पुन्हा कधी पाहिला नाही.

येथे थोडे थांबून ऑस्ट्रेलियातील वनस्पतींविषयी त्या वेळी युरोपात काय ठाऊक होते हे सांगितले पाहिजे. सन १७७० मध्ये कॅप्टन कुक ह्याच्या जहाजावरून जोसेफ बँक्स व डॅनियल सोलंडर हे दोन विद्वान त्या खंडाच्या पूर्व किनाऱ्यास उतरले होते. तेथे त्यांस इतक्या नव्या वनस्पती मिळाल्या की, त्या उपसागराचे नावच बॉटनी बे, म्हणजे वनस्पतींचा उपसागर, असे पडले. पुढे सन १८०१ पासून रॉबर्ट ब्राउन ह्याने कॅप्टन फ्लिंडर्स ह्याच्या जहाजाने जाऊन हजारो नमुने जमविले, आणि सन १८१० मध्ये त्यांविषयी ग्रंथ छापला. परंतु हे बहुतेक काम किनाऱ्याकिनाऱ्याने झालेले होते, आणि जमविलेले नमुने लंडनच्या कपाटांत जाऊन पडले होते. खंडाच्या पोटात काय उगवते हे युरोपातील विद्वानांस ठाऊक नव्हते. आम्ही मुद्दाम युरोपातील विद्वान असे म्हणतो. त्या देशाचे मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून त्या झाडांमध्ये राहत होते. कोणते कंद खावे, कोणत्या सालीने जखम भरते, कोणते फूल आले म्हणजे कोणती शिकार मिळते, हे त्यांस आपल्या ओळीतील कोणत्याही विद्वानापेक्षा अधिक ठाऊक होते, आणि प्रत्येक झाडास त्यांच्या भाषांत नाव होते. गोऱ्या लोकांनी त्यांच्या जमिनी घेतल्या, आणि शास्त्र शोधणारे पुष्कळदा त्याच वाटेने मागोमाग गेले. ही गोष्ट झाकून ठेवून हे चरित्र सांगणे बरे नव्हे.

ॲडलेड येथे म्युलरसाहेबांनी प्रथम एका औषधवाल्याच्या दुकानी चाकरी धरिली. मध्यंतरी एका मित्राबरोबर थोडी जमीन घेऊन शेतीही करून पाहिली, पण ती साधली नाही व लौकरच सोडून द्यावी लागली. आमच्या शेतकरी वाचकांस ह्याचे नवल वाटणार नाही. झाडांची नावे लॅटिन भाषेत ठाऊक असणे निराळे आणि पीक काढणे निराळे. मात्र सवड सापडेल तेव्हा ते डोंगरांत जात, आणि थोड्याच वर्षांत फ्लिंडर्स डोंगररांगेपर्यंत जाऊन त्यांनी पुष्कळ संग्रह केला. सन १८५२ मध्ये ते मेलबर्न शहरी आले. त्याच्या आदल्या वर्षी त्या प्रांतात सोने सापडले होते, आणि हजारो माणसे खाणींकडे धाव घेत होती. म्युलरसाहेबांचाही विचार खाणींजवळ औषधांचे दुकान घालण्याचा होता. परंतु त्या व्हिक्टोरिया प्रांताचे गव्हर्नर चार्ल्स ला ट्रोब ह्यांच्या कानी ह्या तरुणाचे नाव गेले. हे ला ट्रोबसाहेब मोरेव्हियन मंडळीच्या एका प्रसिद्ध पाळकाचे चिरंजीव होते. सोन्याच्या त्या धुमाकुळात ज्याचे डोळे पानाफुलांकडे लागले आहेत असा मनुष्य त्यांनी ओळखला, आणि सन १८५३ च्या जानेवारीत त्यास सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ नेमिले. ही जागा म्युलरसाहेबांनी पुढे मरेपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, सांभाळिली.

नेमणूक होताच ते डोंगरांकडे निघाले. सन १८५३ ते १८५५ ह्या काळात त्यांनी तीन मोठे प्रवास केले, आणि त्यांत हजारो मैल वाट तुडविली. पुष्कळदा बरोबर दुसरा मनुष्य नसे. एकटा स्वार, सामानाचे घोडे आणि कागदांचे गठ्ठे. बफेलो डोंगर, बोगाँग डोंगर, बर्फाने झाकलेली शिखरे, मरे नदीकाठचे कोरडे माळ, गिप्सलँडची ओली अरण्ये, असे सर्व त्यांनी पायाखाली घातले.

हे काम कसे चालते हे आमच्या वाचकांस ठाऊक नसेल म्हणून सांगतो. झाडाची एक डहाळी अशी निवडावयाची की तिच्यावर पाने, फूल, आणि मिळाल्यास फळही असावे. ती टिपकागदाच्या दोन तावांमध्ये नीट पसरून वरून दाब द्यावयाचा. दुसऱ्या दिवशी कागद ओला होतो. तो काढून कोरडा घालावयाचा. असे पुष्कळ दिवस करीत राहिले म्हणजे डहाळी वाळते, परंतु तिचा आकार जात नाही, आणि ती शेकडो वर्षे टिकते. एकच डहाळी असती तर काम सोपे होते. पण दिवसाला पन्नास डहाळ्या, पाऊस चालू, तंबू गळका, कागद सर्व भिजलेले, आणि रात्री विस्तवापुढे बसून एकेक ताव वाळवावयाचा, असे झाले म्हणजे मनुष्याच्या धीराची परीक्षा होते. आणि ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट चिठ्ठीची. डहाळी कोठे मिळाली, कोणत्या दिवशी, कोणत्या जमिनीत, कोणी तोडली, हे त्याच वेळी चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर ठेवावे लागते. चिठ्ठी हरवली तर नमुना कितीही सुंदर असो, तो वाळलेल्या गवताच्याच मोलाचा. ज्या उपदेशक बंधूंनी मंडळीचे बाप्तिस्म्याचे व लग्नाचे रजिस्टर कधी उद्या लिहू म्हणून ठेवून दिले आणि मग तारीख आठवत बसले, त्यांस ही गोष्ट अधिक फोड करून सांगावयास नको.

सन १८५५ मध्ये ऑगस्टस ग्रेगरी ह्याच्या पुढारपणाखाली उत्तर ऑस्ट्रेलियात एक मोहीम निघाली, व तीत म्युलरसाहेब वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून गेले. समुद्रमार्गे व्हिक्टोरिया नदीच्या मुखाशी पोहोचताच त्यांचे एक गलबत गाळात रुतले आणि खाण्यासाठी आणिलेल्या पुष्कळ मेंढ्या मेल्या. तेथून वाळवंटाच्या काठापर्यंत जाऊन, मग सारा उत्तर प्रदेश घोड्यावरून ओलांडून, मंडळी सन १८५६ च्या डिसेंबरात ब्रिस्बेन येथे सुखरूप आली. ह्या एका प्रवासात पूर्वी शास्त्रास ठाऊक नसलेल्या सुमारे आठशे जाती त्यांच्या हाती लागल्या. सन १८५७ मध्ये त्यांस मेलबर्नच्या सरकारी बागेचे मुख्य करण्यात आले, आणि त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस होते. आता खंडातील सर्व वनस्पतींचा एक थोर ग्रंथ लिहावा, आणि तो आपणच लिहावा, अशी इच्छा त्यांच्या मनात बळावली. त्या देशात त्यांच्याइतका कोणी हिंडला नव्हता, आणि कोणाचा संग्रह त्यांच्या संग्रहाएवढा नव्हता. तेव्हा ह्या इच्छेत कोणासही वावगे दिसणार नाही.

परंतु घडले ते निराळेच. इंग्लंडात क्यू येथील राजबागेत वनस्पतिशास्त्राचे मुख्य ठाणे होते, आणि तेथील वडील मंडळींनी ठरविले की, हा ग्रंथ जॉर्ज बेंथम ह्यांनी लिहावा. बेंथमसाहेब मोठे विद्वान होते ह्यात संशय नाही. परंतु त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या भूमीस त्यांचा पाय कधी लागला नव्हता, पुढेही लागला नाही. वडिलांचे म्हणणे असे की, बँक्स व ब्राउन ह्यांनी नेलेले मूळचे नमुने लंडनमध्ये आहेत. नवी जात खरोखर नवी आहे की पूर्वीच नाव मिळालेली आहे, हे त्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहिल्यावाचून सांगता येत नाही. म्युलरसाहेबांस ग्रंथ लिहावयाचा असेल तर त्यांनी ऑस्ट्रेलिया सोडून इंग्लंडात येऊन बसले पाहिजे. आणि ते करावयास म्युलरसाहेब तयार नव्हते.

हे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक बोचले असेल. अन्याय उघड असला म्हणजे मनुष्य त्याविरुद्ध ओरडू शकतो. पण समोरच्याच्या बोलण्यात अर्धे अधिक खरे असले म्हणजे ओरडताही येत नाही. म्युलरसाहेबांपुढे आता दोन वाटा होत्या. आपला संग्रह कपाटात बंद करून ठेवावा, म्हणजे बेंथमसाहेबांचा ग्रंथ लंगडा झाला असता. किंवा तो संग्रह त्यांच्या स्वाधीन करावा, म्हणजे ग्रंथ पुरा होईल आणि त्यावर दुसऱ्याचे नाव पडेल.

त्यांनी दुसरी वाट धरिली. एकेका कुळाचे नमुने काढून, पेट्यांत भरून, ते जहाजाने इंग्लंडास पाठवू लागले. काही महिन्यांनी पेटी क्यू येथे पोहोचे. बेंथमसाहेब तीतील नमुने तपासून, लिहून, ती परत पाठवीत. तोवर दुसरी पेटी वाटेवर असे. प्रत्येक पेटी समुद्रात बुडण्याची भीती होती. असे पंधरा वर्षांहून अधिक काळ चालले. सन १८६३ मध्ये फ्लोरा ऑस्ट्रेलियेन्सिस ह्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला आणि सन १८७८ मध्ये सातवा व शेवटचा. आठ हजारांहून अधिक जातींचे वर्णन त्यात आहे. एका सबंध खंडाच्या वनस्पतींचा असा पुरा ग्रंथ त्यापूर्वी जगात कोठे झाला नव्हता. त्याच्या पहिल्या पानावर बेंथमसाहेबांचे नाव ग्रंथकार म्हणून मोठ्या अक्षरांत आहे, आणि म्युलरसाहेबांचे नाव त्याखाली साहाय्य करणारा म्हणून आहे.

दावीद राजाची गोष्ट आम्हास येथे आठवते. मंदिर आपण बांधावे अशी त्याची फार इच्छा होती. ती परवानगी त्यास मिळाली नाही. तेव्हा त्याने सोने, रुपे, पितळ, लोखंड, गंधसरूची लाकडे आणि घडीव चिरे जमवून ठेविले, नकाशाही काढून दिला, आणि मग मंदिर शलमोनाचे म्हणून प्रसिद्ध झाले. ते साहित्य जमविताना दाविदाच्या मनात काय चालले असेल, ह्यावर आम्ही फार उपदेश ऐकिले नाहीत. जुने मिशनचे वार्षिक अहवाल चाळले तर मिशनरी साहेबांचे नाव ठळक असते, आणि ज्याने पावसात चिखल तुडवीत जाऊन त्या गावी पहिले वचन सांगितले तो पुष्कळदा एक देशी बंधू एवढ्यावरच आटोपलेला असतो. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध उपदेशकांनी असला एक अहवाल आम्हास दाखविला होता. त्यांनी आपले नाव कोठे असावयास पाहिजे होते त्या ओळीवर बोट ठेविले, आणि मग अहवाल घडी करून पुन्हा पेटीत ठेविला. त्यांनी तो इतकी वर्षे जपून ठेविला होता हे आम्ही विसरलो नाही.

म्युलरसाहेबांनी सर्व काही हसतमुखाने सोसले असे मात्र कोणी समजू नये. त्यांस हे लागले होते, आणि ते त्यांच्या वागण्यात दिसे. फ्राग्मेंटा नावाची आपली लॅटिन पुस्तकमाला ते सन १८५८ पासून काढीत होते. पेटी इंग्लंडास जाण्यापूर्वी तीतील नव्या जातींची नावे ते घाईघाईने त्या मालेत छापून टाकीत, म्हणजे निदान नाव देण्याचा मान तरी आपल्याकडे राहावा. बेंथमसाहेबांस ह्या घाईचा त्रास होई. शिवाय डार्विनसाहेबांच्या मताविषयीही त्या दोघांत भेद होता. जाती काळाच्या ओघात बदलतात हे मत बेंथमसाहेबांनी पुढे स्वीकारले व शास्त्रानेही तेच खरे मानिले. म्युलरसाहेबांनी मात्र ते शेवटपर्यंत मानिले नाही. त्या वादात येथे शिरण्याचा आमचा विचार नाही. एवढेच सांगतो की, इतके मतभेद असता, आणि एकदाही तोंड पाहिले नसता, दोघांनी सात भागांचे काम शेवटास नेले आणि मध्ये पेट्या थांबल्या नाहीत.

आता ह्या पेट्यांतील नमुने कोठून येत हे पाहू. एकटा मनुष्य एवढे मोठे खंड हिंडू शकत नाही, आणि पुढे पुढे बागेच्या कामामुळे म्युलरसाहेबांस प्रवास कमी करावे लागले. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांतून व पत्रांतून लोकांस विनंती केली की, आपल्या गावाजवळ जे उगवते त्याची डहाळी वाळवून पाठवा. धनगर, पोलीस शिपाई, तारमास्तर, शाळामास्तर, रस्ते मोजणारे, दीपस्तंभांवरचे पहारेकरी, दूरच्या मेंढवाड्यांतील बायका, शाळेतील मुली, मूळ रहिवासी, असे हजाराहून अधिक लोक त्यांस नमुने पाठवीत असत. त्यांत दोनशेंहून अधिक स्त्रिया व मुली होत्या, हे त्या काळचा विचार करता लक्षात ठेवण्यासारखे आहे. कित्येकांस लॅटिन तर सोडाच, शुद्ध इंग्रजीही लिहिता येत नव्हते. पण त्यांस आपल्या गावचा ओढा ठाऊक होता, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या खडकापाशी कोणते फूल येते हे मेलबर्नच्या कोणत्याही साहेबापेक्षा त्यांस अधिक ठाऊक होते. म्युलरसाहेब दरसाल हजारो पत्रे आपल्या हाताने लिहीत. कोणी साधे गवत पाठविले तरी त्यास उत्तर जाई, गवताचे नाव कळविले जाई, आणि अधिक पाठवा म्हणून उत्तेजन मिळे. नवी जात निघाली तर पाठविणाऱ्याचे नाव तीस देण्याचीही त्यांची रीत होती.

ह्या पाठविणाऱ्यांत मिशनरीही होते, आणि एकाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हेर्मान केम्पे ह्या नावाचा एक लूथरन मिशनरी आपल्या सोबत्यांसह सन १८७५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातून खंडाच्या मध्यभागाकडे निघाला. मार्गात दुष्काळ, पाण्याचे हाल, जनावरे मेली; सुमारे वीस महिन्यांनी, सन १८७७ च्या जूनमध्ये, ते फिंक नदीच्या काठी अरेंटे लोकांच्या मुलखात पोहोचले, आणि तेथे त्यांनी हेर्मान्सबर्ग नावाचे ठाणे वसविले. भाषा शिकावयाची, घरे बांधावयाची, मेंढरे सांभाळावयाची. आणि पहिले बाप्तिस्मे होण्यास सन १८८७ उजाडले. ज्यांनी एखाद्या गावी वर्षानुवर्षे काम करून एकही कुटुंब पुढे आलेले पाहिले नाही त्यांस ह्या दहा वर्षांचा अर्थ कळेल. ह्याच वर्षांत केम्पेसाहेब त्या वैराण मुलखातील शेकडो वनस्पती वाळवून म्युलरसाहेबांकडे पाठवीत होते. तेथे एक बाभळीचे झुडूप आहे. त्याच्या मुळांत एक जाडजूड पांढरी अळी राहते, आणि ती त्या मुलखातील मूळ लोकांचे आवडते खाणे आहे. लोक ती भाजून खातात. सन १८८२ मध्ये म्युलरसाहेबांनी ह्या झुडपास केम्पेची बाभूळ असे नाव दिले, व ते नाव शास्त्रात आजही चालते. झुडपाचे खरे मोल त्या मुलखातील लोकांस फार पूर्वीपासून ठाऊक होते; केम्पेसाहेबांनी ते मेलबर्नास पोहोचविले.

ग्रंथाचा घाव भरून येतो न येतो तोच म्युलरसाहेबांवर दुसरा प्रसंग आला. बाग ही शास्त्र शिकण्याची शाळा आहे असे त्यांचे मत होते. तीत देशोदेशीची झाडे कुळाप्रमाणे ओळीने लाविलेली असत, प्रत्येकावर नावाची पाटी असे, आणि तेथून हजारो रोपे शाळा, दवाखाने, प्रार्थनामंदिरे व दफनभूमी ह्यांस फुकट दिली जात. परंतु मेलबर्न आता श्रीमंत शहर झाले होते. लोकांस फिरावयास हिरवळ पाहिजे होती, कारंजी पाहिजे होती, पुतळे व वळणावळणाच्या वाटा पाहिजे होत्या. वर्तमानपत्रांत टीका होऊ लागली, चौकशी बसली, आणि सन १८७३ मध्ये बाग त्यांच्या हातून काढून घेऊन विल्यम गिल्फॉइल ह्यांच्याकडे देण्यात आली. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ ही जागा राहिली; पण सोळा वर्षे वाढविलेली बाग आणि तीतील राहते घर ही गेली. त्यानंतर त्यांनी त्या बागेत पाऊल टाकिले नाही असे सांगतात. नव्या मुख्यांनी ती बाग फार सुंदर केली व तिची कीर्ती आजही मोठी आहे, हे त्यांच्याही पदरी घातले पाहिजे. म्युलरसाहेबांच्या मनास मात्र ह्या गोष्टीने शेवटपर्यंत आराम मिळाला नाही, आणि ते आपले गाऱ्हाणे ज्याला त्याला सांगत. दाविदाशी त्यांची तुलना आम्ही वर केली, ती येथे थोडी तोकडी पडते.

त्यांचे दोष सांगावयास लागलो आहो तर आणखी सांगतो. मानाची त्यांस फार आवड होती. सन १८७१ मध्ये वुर्टेम्बर्गच्या राजाने त्यांस बॅरन केले, सन १८७९ मध्ये इंग्लंडच्या राणीकडून सर ही पदवी मिळाली, आणि पुष्कळ राजांनी बिल्ले दिले. ते सर्व छातीवर लावून ते समारंभांस जात व लोक मागे हसत. त्यांचा वाङ्निश्चय दोनदा झाला आणि दोनदा मोडला. संसार झालाच नाही. वाटसरूंस खावयास फळे मिळावी म्हणून त्यांनी डोंगरांत ओढ्याकाठी ब्लॅकबेरी ह्या परदेशी काटेरी वेलीचे बी टाकिले व ती लावण्याचा सल्ला दिला. हेतू दयेचा होता, पण ती वेल इतकी माजली की, आज त्या देशात तिचा नाश करण्यासाठी मोठा खर्च करावा लागतो, आणि जी देशी झाडे शोधण्यात त्यांनी जन्म घालविला त्यांसच ती गुदमरवून टाकिते. निलगिरीविषयीही त्यांची एक समजूत चुकीची निघाली. हे झाड लाविले म्हणजे हिवताप पळतो असे त्या काळी पुष्कळ विद्वान मानीत, आणि म्युलरसाहेबांनी त्याचे बी फ्रान्स, अल्जीरिया, इटली, कॅलिफोर्निया अशा दूरदूरच्या मुलखांस पाठविले. रोमजवळच्या एका मठातील साधूंनीही हिवतापाच्या जमिनीत ही झाडे लाविली. हे झाड पाणी पुष्कळ ओढते, म्हणून दलदल कोठे कोठे आटली असेल. परंतु ताप हवेतून येत नसून डासाकडून येतो हे सन १८९७ मध्ये आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, डॉक्टर रॉस ह्यांनी दाखविले. तोवर म्युलरसाहेबांस जाऊन एक वर्ष होत आले होते.

तेलाची गोष्ट मात्र खरी ठरली. जोसेफ बोसिस्टो नावाच्या मेलबर्नच्या औषधवाल्यास त्यांनी ह्या पानांतून तेल काढून पाहण्यास उत्तेजन दिले, आणि त्यातून तो धंदा जगभर पसरला. कोणत्या देशात कोणती उपयोगी झाडे लाविता येतील ह्याविषयी त्यांनी एक मोठे पुस्तक रचिले. त्याच्या पुष्कळ आवृत्त्या निघाल्या, आणि हिंदुस्थानासाठी निराळी आवृत्ती सन १८८० मध्ये कलकत्त्यास छापली. निलगिरीच्या कुळाविषयी चित्रांसह दहा भागांचा ग्रंथ त्यांनी सन १८७९ ते १८८४ ह्या वर्षांत काढिला. तो पूर्णपणे त्यांच्याच नावाचा होता.

पगार चांगला असता त्यांच्याजवळ पैसा कधी टिकला नाही. नमुने जमविणाऱ्यांस देणे, पुस्तके विकत घेणे, अडलेल्या प्रवाशांस व गरजू जर्मन लोकांस हात देणे, ह्यांत तो जाई. शेवटची वर्षे त्यांनी बागेपासून जवळच एका साध्या घरात काढिली; गळ्याभोवती लोकरी गुंडाळा, मेजावर पत्रांचा ढीग, आणि चोहोकडे वाळलेल्या पाल्याची पुडकी. सन १८९६ च्या आक्टोबर महिन्याच्या १० व्या तारखेस, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला, व सेंट किल्डा येथील दफनभूमीत त्यांस पुरले. सुमारे दोन हजार जातींस त्यांनी दिलेली नावे शास्त्रात आली.

त्यांनी सुरू केलेला वाळलेल्या वनस्पतींचा संग्रह मेलबर्न येथे बागेच्या आवारातच आहे, आणि त्यात आता पंधरा लाखांच्या आसपास नमुने आहेत. एखादी जात पूर्वी कोठपर्यंत पसरलेली होती, ती कोठून नाहीशी झाली, हे पाहावयाचे असले म्हणजे आजचे विद्वान तीच कपाटे उघडतात. जाड कागदाच्या तावावर दीडशे वर्षांपूर्वीची डहाळी शिवून बसविलेली असते. तिचा हिरवा रंग गेलेला, पण पानांच्या शिरा मोजता येतात. काही तावांवर बेंथमसाहेबांनी तपासल्याची खूण आहे, म्हणजे ती डहाळी लंडनला जाऊन परत आलेली आहे. आणि खाली कोपऱ्यात चिठ्ठी असते. तीवर म्युलरसाहेबांच्या वाचावयास कठीण अशा अक्षरांत झाडाचे नाव, जागा व साल लिहिलेले असते, आणि त्याखाली ज्या धनगराने, मास्तराने, किंवा दूरच्या मेंढवाड्यातील ज्या मुलीने ती डहाळी तोडून पाठविली, तिचे नाव.